उतरायला कोण शिकवतं?

(नाशिकमध्ये गोदाकाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘सह्याद्रीतली भटकंती : अपघात आणि खबरदारी’ असा छापलाय. त्यावर मी बोलणार आहेच. पण त्याआधी एका माणसाबद्दल बोलू द्या. या विषयातलं मला जे काही येतं ते त्यांच्याकडून आलंय, आणि या जानेवारीत ते गेले. आमचे उस्ताद.

त्यांचं नाव घेत नाही. आम्ही कधी घेतलंच नाही. हिमालयात गिर्यारोहण किंवा स्कीइंग शिकवणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात, ‘उस्तादजी’ अशी हाक मारतात. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर ‘उस्ताद’ म्हणूनच आहे. तो मी अजून काढलेला नाही.

आधी एक सांगा, आज इथवर कसे आलात? रिक्षा, स्कूटर ते सोडा. शेवटचा टप्पा? पायऱ्या उतरून आलात. गोदाघाटावर येणारा प्रत्येक जण उतरूनच येतो. मी मघापासून त्या कडेला उभी राहून तुमच्याकडेच बघत होते. ज्यांचे गुडघे दुखतात ती मंडळी तिरकी उतरत होती. एक हात कठड्यावर, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. अगदी बरोबर. आणि कॉलेजची मुलं धडाधड उड्या मारत आली. एकाच्या हातात तर चहाचा कप होता. तुम्हाला कोणी शिकवलं तिरकं उतरायला? दुखण्याने. गुडघा बोलायला लागल्यावर आपण शिकलो. मला आज एवढंच सांगायचंय की ते त्याआधी शिकता येतं, शिकवता येतं. आणि आपल्याकडे ते कोणी शिकवत नाही.

१९९८ च्या जानेवारीत मी पहिल्यांदा बर्फ पाहिला. तेव्हा शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते, रविवारी गडांवर जात होते. घर निफाडकडचं, द्राक्षवाल्यांचं, त्यामुळे थंडी म्हणजे डिसेंबरच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात तेवढीच माहीत. नाशिकरोडला पंजाब मेल पकडली, दिल्लीला उतरले, मग हरिद्वार, मग ऋषिकेशहून बस. ऋषिकेश ते जोशीमठ हे साधारण अडीचशे किलोमीटर जायला अख्खा दिवस लागतो. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी एकेक नदी येऊन मिळत राहते, आणि अलकनंदा तुमच्या खिडकीच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, खूप खोल. बसमध्ये बहुतेक वेळ मी डोळे मिटून बसले होते. हे मुद्दाम सांगतेय. सह्याद्रीतले बरेच गड चढलेली बाई होते मी, पण खाली बघायची मला भीती वाटायची. आणि हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

जोशीमठच्या डोक्यावर औली आहे. उन्हाळ्यात ते गवताचं माळरान, तिकडे बुग्याल म्हणतात. हिवाळ्यात सगळं पांढरं. साधारण अडीच हजार मीटरपासून तीन हजार मीटरच्या थोडं वरपर्यंत उतार पसरलेत, आणि समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. तिथे चौदा दिवसांचा वर्ग होता. शिकवायला उस्ताद. भारत-तिबेट सीमा पोलीस दलात नोकरी करून आलेले, जवळच्याच गावचे, माणूस बुटका, गाल उन्हाने करपलेले. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, पायाला स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, बांधतील. त्यांनी फक्त बूट दिले. ते प्लॅस्टिकचे बूट घोट्याला असे आवळतात की माणूस सरळ उभाच राहू शकत नाही, नडगी पुढे झुकते. म्हणाले, आज एवढंच. चाला. दुसऱ्या दिवशी एका पायाला स्की. तिसऱ्या दिवशी दोन्ही, आणि सकाळभर नुसतं पडायचं आणि उठायचं. कुठल्या कुशीवर पडायचं, काठ्या कुठे ठेवायच्या, उठताना स्की उताराला आडव्या कशा करायच्या.

मग ‘हल’, म्हणजे नांगर. जगभर या प्रकाराला बर्फ सारायच्या नांगराचंच नाव आहे, पण उस्तादांच्या तोंडी तो शेतातला होता. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या धारा, म्हणजे स्कीच्या आतल्या कडा, बर्फात. फाळ जमिनीत बसतो तशी धार बर्फात बसते आणि वेग मोडतो. माझ्या वर्गात मुंबईची, बंगळूरची हुशार मुलं होती, त्यांना हे समजावून घ्यायला दोन तास लागले. मला लगेच समजलं. आमच्या वडिलांनी बैल असताना नांगर धरलेला मी पाहिलाय. हात खाली दाबला की फाळ खोल जातो, सैल सोडला की वर येतो. उस्तादांना हे सांगितलं तर ते इतके खूश झाले की तेव्हापासून मी त्यांची ‘भुली’ झाले. गढवालीत भुली म्हणजे धाकटी बहीण.

आणि माल्टा. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माल्टा म्हणजे तिकडचं संत्र्यासारखं फळ, थंडीत येतं, सालीला घट्ट. उस्तादांच्या खिशात कायम दोन-चार माल्टे. नवीन उतारावर नेलं की आधी एक माल्टा काढायचे आणि अलगद सोडून द्यायचे. ढकलायचे नाहीत. तो सरळ जाईल असं आपल्याला वाटतं, पण तो थोडा डावीकडे वळतो, मग एका खळग्यातून उजवीकडे, मग वेग घेतो. “देखो, पहाड़ बता रहा है.” उताराला त्याची स्वतःची एक ओळ असते, पाणी जिथून धावेल ती. ती ओळ ज्याला दिसली त्याला कळतं की वेग कुठे वाढणार, कुठे थांबता येणार, दगड सुटला तर कुठे जाणार. आम्ही दहा-दहा मिनिटं नुसते माल्ट्याकडे बघत उभे राहायचो. खाली जो आधी पोचेल त्याने तो खायचा.

सहाव्या दिवशी आम्हाला वरच्या उतारावर नेलं. बाकीचे एकेक करून गेले. मी राहिले. खाली पाहिलं आणि पाय गेले. गेले म्हणजे होते तिथेच होते, पण माझे नव्हते. आपण घाबरलो की काय करतो? डोंगराला बिलगतो. सगळं अंग मागे, डोंगराकडे टाकतो. गडावरही तेच. बसून घसरतो, हाताने गवत धरतो. मी तशीच डोंगरावर रेलले आणि स्की पायाखालून निघाली. पडले. उठले, पुन्हा रेलले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा उठलेच नाही.

उस्ताद खालून वर आले. आडवं पाऊल टाकत, एक स्की वर, मग दुसरी. वेळ लागला त्यांना. माझ्याजवळ येऊन ‘घाबरू नकोस’ म्हणाले नाहीत. माझ्या खालच्या बाजूला येऊन उभे राहिले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझ्या आणि दरीच्या मध्ये ते आले, आणि मला दरीऐवजी त्यांचा लाल-काळा स्वेटर दिसायला लागला. खिशातून माल्टा काढला, सोलला, अर्धा मला दिला. चाळीसेक मिनिटं आम्ही तिथे बसलो असू. घर कुठे, घरी कोण, द्राक्षाला पाणी कसं देतात, हे सगळं त्यांनी विचारलं. छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, हे ऐकून त्यांना फार नवल वाटलं होतं.

मग म्हणाले, आता वळायचं नाही, धावायचं नाही. आडवं उभं राहा. गुडघे डोंगराकडे, खांदे दरीकडे. गुडघे डोंगराकडे झुकवले की धार बसते, सैल सोडले की धार सुटते आणि माणूस आडवाच खाली सरकतो. एक वीतभर. पुन्हा धार. पुन्हा सैल. “धार लगाओ. धार छोड़ो.” एवढे दोनच शब्द. आणि सगळं वजन खालच्या, दरीकडच्या पायावर. त्यासाठी खांदा दरीवर न्यावा लागतो. अंग ओरडत असतं की मागे हो, आणि वाचायचं असेल तर पुढे व्हावं लागतं. मला आयुष्यात इतकं अवघड काही वाटलं नाही. पण धार बसली. मी खांदा दरीकडे नेला आणि पायाखालची स्की पहिल्यांदा घट्ट उभी राहिली. तो अख्खा उतार मी असा वीत-वीत उतरले. ते सगळा वेळ माझ्या खाली, तोंड माझ्याकडे, पाठ दरीकडे.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी जेवायला नेलं. जोशीमठात वरच्या बाजूला दगडी घर, अंगणातून नरसिंह मंदिराच्या घंटेचा आवाज यायचा. हिवाळ्यात बद्रीनाथाचे दरवाजे बंद झाले की शंकराचार्यांची गादी खाली याच मंदिरात येते. देवसुद्धा वर्षातले सहा महिने उतरून येतो, असं उस्तादांच्या बायको म्हणायच्या. भाभींनी मंडव्याची भाकरी आणि गहतची डाळ वाढली. पहिला घास घेतला आणि मला हसूच आलं. मंडवा म्हणजे आपली नागली, पेठ-सुरगाण्यातली! आणि गहत म्हणजे हुलगे. दोन हजार किलोमीटर जाऊन मी नागलीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण खात होते. मी त्यांना ‘नागली’ हा शब्द शिकवला. नंतर दर फोनवर भाभी विचारायच्या, नागली खाल्लीस का?

त्यानंतर मी आठ-नऊ हिवाळे गेले. पुढचे दोन वर्ग केले, मग त्यांच्या हाताखाली नवख्यांना शिकवलं. पण शिकवायला उभं राहण्याआधी त्यांनी मला एकदा नापास केलं होतं. परीक्षेत मी सगळी वळणं नेटकी घेतली, वेगही चांगला होता. खाली आले तर म्हणाले, नाही. का? तुझ्या पुढे एक मुलगा चालला होता, तू त्याच्यापासून दोन हात अंतरावरून गेलीस. स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे लिहिलेलं आहे, की मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची, कारण मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. उस्तादांचं म्हणणं, वरच्याने खालच्याला जपायचं, हे ज्याला येत नाही त्याला उतरता येत नाही. वळणं कितीही सुंदर असोत.

तर उतरणं. मराठीत या शब्दाची मोठी गंमत आहे, आणि ती मी इथेच सांगणार, कारण असे श्रोते मला पुन्हा कुठे मिळायचे? तोंड उतरतं. मनातून माणूस उतरतो. दूध उतरतं, म्हणजे नासतं. उतारवय, उतरती कळा. वाटतं की या शब्दाचं आणि आपलं काही बरं नाही. पण दुसरी बाजू बघा. मैदानात उतरतो. कसोटीला उतरतो. पसंतीस उतरतो. चित्र चांगलं उतरलं, गाणं मनात उतरलं. आजी लेकराची दृष्ट उतरवते. आणि अवतार! त्या शब्दाचा मूळ अर्थच खाली उतरणं. आपण बसलोय ती नदी ब्रह्मगिरीवरून उतरलेली आहे. नाशिककर तिला गोदावरी म्हणतच नाही, गंगा म्हणतो, आणि गंगा म्हटलं की आधी तिचं उतरणं आठवतं, ते झेलायला खाली कोण उभं होतं ते आठवतं. हे मी उस्तादांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, बघ, तोही खालीच उभा होता.

२०२२ ची आठवण आहे. बीजिंगचं हिवाळी ऑलिम्पिक. भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लॅलम, म्हणजे झेंड्यांमधून वळत उतरायची शर्यत. त्या दिवशी तिथे बर्फ पडत होता, समोरचं नीट दिसत नव्हतं, किती तरी जण मध्येच बाद झाले. आरिफ दोन्ही फेऱ्या पूर्ण उतरला. ४५ वा आला. इथे कोणी दखल घेतली? ४५ वा म्हटल्यावर आपण पुढची बातमी बघतो. मला उस्तादांचा फोन आला. आवाज भरून आला होता. “भुली, पूरा नीचे आया वो! पूरा!”

आता नाशिकची गोष्ट. हीच मला आज मुळात सांगायची होती. एका नोव्हेंबरमध्ये उस्ताद आमच्याकडे आले. आठवडाभर राहिले. घाटावर आणलं तर म्हणाले, तुमची नदी भली आहे, पायऱ्या उतरून तिच्यात पाय सोडून बसता येतं. आमची अलकनंदा उचलून घेऊन जाते. मग त्यांना हरिहर गडावर नेलं, निरगुडपाड्याहून. तुमच्यातले निम्मे तरी गेले असतील. त्या कातळातल्या पायऱ्या, जवळजवळ उभ्या, शिडीसारख्या. रविवार होता, गर्दी होती. तेव्हा आजच्याइतकी नाही, तरी होती.

वर जाताना उस्ताद दर पायरीपाशी थांबत होते. मला वाटलं, दमले. ते पायरीच्या दोन्ही कडांना कोरलेल्या खोबण्या चाचपत होते. बोटं घालायला केलेल्या खोबण्या आहेत ना, त्या. त्यांनी हात घालून बघितला, तोंड कड्याकडे करून एक पायरी खाली उतरले, पुन्हा हात घातला. मग मला म्हणाले, ज्याने हे कोरलं त्याने उतरणाऱ्याचा विचार केलाय. चढणाऱ्याला वरची पायरी डोळ्यांसमोर असते, तो तीच धरतो. उतरणाऱ्याला पाय दिसत नाही, म्हणून त्याच्या हाताला भरवसा लागतो. मी त्या पायऱ्या तोवर वीस वेळा तरी चढले असेन. १८१८ मध्ये इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या आणि कॅप्टन ब्रिग्जने या पायऱ्या तेवढ्या ठेवल्या, हे मी पोरांना दर वेळी सांगायचे. पण खोबणी उतरणाऱ्यासाठी आहे हे मला औलीच्या माणसाने दाखवलं.

परत येताना मधल्या टप्प्यात सगळं थांबलं होतं. एक मुलगी, असेल अठरा-एकोणीसची, पायऱ्यांच्या मधोमध बसली होती. तोंड दरीकडे, पाठ कड्याला, दोन्ही हातांनी मागची पायरी घट्ट धरलेली. तिला मी ओळखलं. म्हणजे ती कोण ते नाही, तिचं बसणं ओळखलं. वरून लोक ओरडत होते, अहो चला, उशीर होतोय. कोणी शिट्ट्या मारत होतं. तिच्या गटाचा म्होरक्या वरून सूचना देत होता. वरून! उस्ताद माझ्या पुढे होते. ते तिच्या बाजूने, खोबण्या धरत, तोंड कड्याकडे ठेवून तिच्या खाली गेले. दोन पायऱ्या खाली उभे राहिले. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी वर पाहून मला विचारलं, पैर को क्या बोलते हो? मी म्हटलं, पाय. त्यांनी आधी तिला हळूच वळवलं, तोंड कड्याकडे. मग तिचा बूट हातात धरला, खालच्या पायरीवर ठेवला, दाबला आणि म्हणाले, “पाय.” ती थांबली. दुसरा बूट. “पाय.” असं करत करत ते सगळं अंतर. वरचे लोक गप्प झाले. शेवटी तर ती मुलगी स्वतःच म्हणायला लागली, पाय, पाय. खाली पोचल्यावर उस्तादांनी खिशात हात घातला. नोव्हेंबरमध्ये माल्टा नसतो. एक पेरू निघाला, सकाळी त्र्यंबक रस्त्यावर घेतलेला. तो तिला दिला.

मला चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं.

तर माझी तक्रार. ती न सांगता मी खाली बसणार नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात होतं की पावसाळ्याआधी एक दिवसाचा उतरण्याचा वर्ग घ्यायचा. नाव साधं, उतरण वर्ग. कागदावर सगळं मांडलं, एका संस्थेकडे गेले. संस्थेचं नाव सांगणार नाही. बैठकीत एकाने विचारलं, उतरायला काय शिकायचं असतं, माणूस आपोआप खाली येतोच. दुसरे म्हणाले, लोक वर जायचे पैसे देतात हो. पुन्हा दोन वर्षांनी गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सांगितलं की माथ्यावरच्या फोटोसह प्रमाणपत्र देत असाल तर बघू. माथ्यावरचा फोटो! मला वर्ग घ्यायचा होता उतरण्याचा. मी कागद परत घेतले आणि घरी आले, आणि ते कपाटात ठेवले. हे माझं चुकलं. संस्थेचं म्हणणं त्यांच्यापाशी, पण कागद कपाटात मी ठेवले.

गेली तीस वर्षं मी एक वही ठेवलीय, आमच्या गटातल्या आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक दुखापतीची. मुरगळलेला घोटा, सुजलेला गुडघा, फुटलेलं कोपर. तारीख, गड, वेळ. त्यातल्या बहुतेक दुपारनंतरच्या आहेत, आणि बहुतेक उतरतानाच्या.

आता पत्रिकेतला विषय, भराभर सांगते, लिहून घेणाऱ्यांनी घ्या. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असतानाच भार पेलतो, ब्रेकसारखा. म्हणून चढून धाप लागते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. त्याची सवय करावी लागते, आणि ती घरच्या जिन्यावर होते. लिफ्टने वर जा, जिन्याने उतरा, हळू, गुडघा किंचित वाकलेला ठेवून. काठ्या घ्या, दोन घ्या. गुडघ्यावरचा भार कमी होतो, आणि उतरताना त्या थोड्या लांब करा.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उतारावर, आणि मुरमाड उतारावर मागे रेलू नका. मागे रेललं की पाय पुढे सटकतो आणि माणूस पाठीवर येतो. नाक पायाच्या अंगठ्यावर आलं पाहिजे, गुडघे मोकळे, पावलं छोटी, तळवा पूर्ण टेकलेला. बर्फावरचं आणि मुरमावरचं गणित एकच आहे. उभ्या पायऱ्यांवर आणि शिडीवर, हरिहर असो की कळसूबाईच्या शिड्या, तोंड कड्याकडे. लाज वाटून घेऊ नका, शिडी तशीच उतरायची असते.

घसाऱ्यावर कधीही एकाच्या थेट डोक्यावर दुसरा नको. नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, उतरताना एक गट पूर्ण बाजूला होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. दगड सुटला तर लाजायचं नाही, ‘दगड!’ म्हणून ओरडायचं. वरच्याने खालच्याला जपायचं. गटाच्या म्होरक्याने उतरताना नवख्याच्या खाली राहायचं, वरून सूचना द्यायच्या नाहीत. आणि वेळ. किती वाजता माथा गाठायचा हे सगळे ठरवतात, किती वाजता उतरायला लागायचं ते ठरवा. माथा आला नसला तरी त्या वेळेला वळा. पाणी अर्धं उरलेलं असताना वळा. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, ती पुढच्या रविवारीही १,६४६ मीटरच असेल.

झालं. अजून बरंच होतं, पावसाळी बुटांबद्दल होतं, दोराबद्दल होतं. राहू दे. दोन मिनिटं फक्त.

२०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले, औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला, हे तुम्ही तेव्हा वाचलं असेल. उस्तादांच्या घराच्याही भिंतीत तडा गेला, भाभींच्या चुलीमागे. मुलीने त्यांना देहरादूनला नेलं. तिथे सपाट आहे, ते म्हणायचे, इथे माल्टा सोडला तर जागेवरच राहतो. भाभी आधीच गेल्या होत्या. दिवाळीत शेवटचा फोन झाला. नेहमीसारखं द्राक्षाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, आणि मग विचारलं, भुली, ती उतरायची क्लास सुरू झाली का? मी म्हटलं, करते, उस्तादजी. ते म्हणाले, कर. एवढंच. जानेवारीत एका सकाळी मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. तिने मला त्यांची कानस दिली, स्कीच्या धारा घासायची. लाकडी मूठ अंगठ्यापाशी झिजलीय. ती आज आणलीय, ज्यांना बघायची असेल त्यांनी नंतर इथे पुढे या.

आणि येत्या रविवारी वर्ग आहे. कुठल्याही संस्थेचा नाही, प्रमाणपत्र नाही, पैसे नाहीत. रामशेज गडाच्या पायथ्याला, आशेवाडीत, सकाळी साडेसहाला. ऊन चढायच्या आत संपवू. वय कितीही चालेल, गुडघे दुखणाऱ्यांनी जरूर या, त्यांना अर्धं आधीच येतंय. पाणी आणा, टोपी आणा, जिन्यावर झिजलेले बूट नकोत. आणि प्रत्येकाने एक संत्रं आणायचं. माल्टा इथे मिळत नाही. आधी ते सोडायचंय उतारावर, ढकलायचं नाही, अलगद सोडायचं, आणि सगळ्यांनी गप्प उभं राहून बघायचं ते कुठून जातं.